गुन्हेगाराच्या मनाचे मोजमाप कितपत खरे?

मुंबईत फुटपाथवर झोपलेल्यांच्या हत्या करणारा रामन राघव ऑगस्ट १९६८ मध्ये पकडला गेला. पोलीस सर्जननी त्याला मनोविकार नसल्याचे सांगितले. बचाव पक्षाच्या तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचे निदान केले. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने पुन्हा तपासणी करून स्किझोफ्रेनियाच असल्याचे सांगितले आणि फाशीऐवजी जन्मठेप झाली. माणूस एकच, निदाने दोन.

सायकोपॅथीचे निदान तर याहून अवघड. स्किझोफ्रेनियात भास आणि भ्रम होतात. सायकोपॅथीत वास्तवाचे भान शाबूत असते; उणीव असते ती दयेची आणि अपराधी भावनेची. रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये तिचे निदान होत नाही. त्यासाठी कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची यादी वापरतात. दीर्घ मुलाखत आणि जुनी कागदपत्रे पाहून प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण देतात. ४० पैकी ३० किंवा जास्त गुण पडले, तर सहसा सायकोपॅथी मानतात.

ताप कोणीही मोजला तरी थर्मामीटर तोच आकडा दाखवतो. इथे मोजणारा माणूसच थर्मामीटर असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सुमारे शंभर तज्ज्ञांना त्याच फाइली दिल्या. आपण सरकार पक्षासाठी काम करतो असे समजणाऱ्यांनी बचाव पक्षाच्या तज्ज्ञांपेक्षा जास्त गुण दिले. लहानपणीचे गुन्हे नोंदीत सापडतात. पश्चात्ताप आहे की नाही, हे मात्र तपासणाऱ्याच्या मतावर ठरते.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. फाशी होऊ शकणाऱ्या खटल्यांत आरोपीचा मानसिक मूल्यमापन अहवाल न्यायालयापुढे यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश’ या निकालात सांगितले. नाशिकच्या सत्र न्यायालयालाही ते लागू आहे. पेठ-सुरगाण्यातल्या कोकणा बोलणाऱ्या आरोपीची मुलाखत दुभाष्याविना प्रमाण मराठीत घेतली, तर त्याचा बुजरेपणा निर्विकारपणा वाटू शकतो. शाळेचे दाखले आणि जुन्या नोंदी नसल्या, तर उरतो केवळ अंदाज.

म्हणून दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे, आरोपीच्या बोलीत बोलावे, घरच्यांशी बोलून माहिती पडताळावी आणि अहवालात आकड्याबरोबर त्याच्या मर्यादाही लिहाव्यात. तुरुंगात कोण गंभीर हिंसा करील, हे या यादीवरून पुरेशा अचूकपणे सांगता येत नाही, असे काही नामवंत तज्ज्ञांनी २०२० मध्ये जाहीरपणे मांडले आहे. उपचारात निदान चुकले तर औषध बदलता येते. फाशीनंतर ती सोय नसते.