फोर बाय फोरचे बिल कुठून येते?

गाडी आणि हिशेब : लेखांक ९

फोर बाय फोर गाडी म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. जास्त सुटे भाग, म्हणून जास्त बिघाड, म्हणून जास्त खर्च, हा त्यामागचा तर्क. ऐकताना तो पटतो, पण त्याची मधली कडी कच्ची आहे. भाग जास्त असले की बिघाड वाढतातच असे नाही. ते भाग कोणत्या जातीचे आहेत आणि त्यांच्यावर भार कधी पडतो, हे पाहावे लागते. ते पाहिले की माझ्या मते वेगळेच चित्र दिसते. या यंत्रणेच्या दुरुस्तीचा मोठा हिस्सा तिच्या बांधणीतून येत नाही. मालकाने ती कुठल्या रस्त्यावर चालू केली आणि किती महिने बंद ठेवली, यातून तो येतो. तसे असेल तर हा खर्च बऱ्याच अंशी टाळता येतो, आणि ज्यांना तो टाळणे जमणार नाही त्यांनी ही गाडी घेऊ नये, असेही त्यातून निघते.

आधी तुलना नीट करू. फोर बाय फोर घेणारे बहुतेक लोक तिची तुलना आपल्या जुन्या हॅचबॅकशी करतात आणि बिल पाहून हादरतात. खरी तुलना त्याच मॉडेलच्या दोन चाकांवर चालणाऱ्या भावंडाशी व्हायला हवी. नाशिकला तयार होणारी थार हे सोयीचे उदाहरण आहे. २०२० साली ती नव्या रूपात आली तेव्हा फक्त फोर बाय फोर होती. २०२३च्या जानेवारीत मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती आली. त्यांतही डिझेलच्या दोन गाड्या शेजारी ठेवून चालत नाही, कारण एकीत दीड लिटरचे इंजिन आहे आणि दुसरीत २.२ लिटरचे. चार मीटरच्या आतली, दीड लिटरपर्यंतच्या डिझेल इंजिनाची गाडी कमी जीएसटीत बसते, मोठ्या इंजिनाची वरच्या दरात जाते; म्हणजे किमतीतल्या फरकाचा बराच वाटा करातून येतो. पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये मात्र दोन्हीकडे तेच दोन लिटरचे इंजिन आहे. अशा जोडीत इंजिन, गिअरबॉक्स, एसी, इलेक्ट्रॉनिक्स यांचा खर्च दोन्ही बाजूंना सारखाच पडतो, आणि मागे उरतो तो फक्त चार चाकांना ताकद पोचवण्याचा खर्च.

हे उरलेले सामान काय असते? गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, तिथून पुढे जाणारी एक प्रोपेलर शाफ्ट, तिच्या सांध्यांतले क्रॉस, पुढचा डिफरन्शियल, आणि पुढच्या चाकांपर्यंत जाणारे अ‍ॅक्सल. सगळे मिळून वजन साधारण शंभर किलोंच्या आसपास वाढते, त्यामुळे इंधन थोडे जास्त लागते, आणि हा खर्च मात्र रोजचा आहे. बाकी हे सगळे पोलादी दाते आणि दांडे असतात, आणि दाते तेलात बुडालेले असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये हीच रचना होती, आणि महिंद्राने मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली तीही हीच रचना घेऊन. इतकी वर्षे घासूनपुसून पक्के झालेले यंत्र सहसा अचानक दगा देत नाही. २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांची डोकेदुखी पाहिली तर ती धूर गाळणाऱ्या डीपीएफमध्ये, ईजीआरमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि सेन्सरमध्ये निघते. शहरात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारून डीपीएफ तुंबला तर त्याचा पुढच्या अ‍ॅक्सलशी काडीचा संबंध नसतो. पण बोनेट उघडलेली गाडी फोर बाय फोर असते, म्हणून दोष फोर बाय फोरच्या नावावर जमा होतो.

आता या यंत्रणेचे स्वतःचे दुखणे. थार, जिम्नी, गुरखा, सध्याची फॉर्च्युनर या गाड्यांत फोर बाय फोर टाकले की पुढची आणि मागची शाफ्ट एकमेकींना घट्ट बांधली जातात. त्यांच्यामध्ये वेगातला फरक सामावून घेणारा डिफरन्शियल नसतो. सरळ रस्त्यावर काही बिघडत नाही, पण गाडी वळली की पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची लहान वर्तुळावरून. थारची पुढची आणि मागची चाके एकमेकांपासून २.४५ मीटरवर आहेत. घाटातल्या उलट्या वळणावर पुढच्या चाकांनी दहा मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ घेतले, तर ती सुमारे ३१.४ मीटर चालतात आणि मागची सुमारे ३०.५ मीटर. एका वळणात नव्वद सेंटिमीटरांहून जास्त फरक. दोन्ही शाफ्ट बांधलेल्या असल्यामुळे हा फरक कुठेतरी जिरवावाच लागतो. चिखलात किंवा वाळूत चाक किंचित घसरते आणि काम भागते. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतो, मग शाफ्टना पीळ बसत जातो. स्टिअरिंग जड होते, गाडी कुणी मागून ओढून धरल्यासारखी अडखळते, खालून कट्‌कट्‌ असा आवाज येतो, आणि लिव्हर परत टू-व्हीलवर आणायला गेले की ती जागची हलत नाही. त्या क्षणी लिव्हरशी झटापट केली तर नुकसान होते. सरळ रेषेत थोडे मागे-पुढे घेतले की पीळ सुटतो आणि लिव्हर अलगद येते. पण पीळ सुटला तरी क्रॉसवर, क्राउन-पिनियनच्या दातांवर आणि ट्रान्सफर केसच्या साखळीवर पडलेला ताण पुसला जात नाही. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंध घाट चढताना ‘पकड वाढेल’ म्हणून फोर हाय, म्हणजे नेहमीच्या वेगाचे फोर बाय फोर, टाकून सलग चालवणारे बरेच आहेत. ओले डांबर हे चिखल नव्हे. त्याची पकड कमी झाली तरी शाफ्टला पीळ बसेल इतकी ती नक्कीच उरते.

टायरचा मुद्दा याच गणिताचा आहे, आणि दुर्लक्षामुळे तो सगळ्यात महाग पडतो. अठरा इंची चाकांच्या थारला २५५/६५ आर १८ हे टायर येतात. त्यांचा परीघ सुमारे २.४८ मीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण ४०४ फेरे. मागच्या टायरची नक्षी पाच मिलिमीटर झिजली आणि पुढे नवा जोड बसवला, तर परिघात सुमारे ३१ मिलिमीटरचा फरक पडतो. मागचे चाक किलोमीटरला पाच फेरे जास्त फिरते. टू-व्हीलमध्ये याचे काही वाटत नाही. फोर हायमध्ये मात्र गाडी अगदी सरळ जात असतानाही दर किलोमीटरला बारा-तेरा मीटरचा फरक रेटून जिरवावा लागतो. या गाड्यांचा एकेक टायर दहा हजारांच्या पुढे जातो, त्यामुळे आता दोन, पुढच्या वर्षी दोन असा विचार मनात येणे समजण्यासारखे आहे. पण फोर बाय फोरमध्ये चार टायर एका मापाचे, एका नक्षीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे असायलाच हवेत. म्हणून पाच-सात हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करणे हा इथे दुरुस्तीखर्च वाचवण्याचाच भाग आहे. दोन टायरचे पैसे वाचवून ट्रान्सफर केस उघडायची पाळी आली, तर बिलाचा आकडा पाच अंकी होतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो : आम्ही फोर बाय फोर टाकतच नाही, मग झिजणार काय? हा युक्तिवाद मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण तो काळजी घेणाऱ्या माणसाचा आहे. पुढच्या डिफरन्शियलमधले आणि ट्रान्सफर केसमधले तेल फिरले तरच वरच्या बेअरिंगांना आणि सीलांना मिळते. वर्षानुवर्षे न फिरलेल्या भागांत सील सुकतात, कडक होतात आणि पुढे तेल पाझरायला लागते. लिव्हरऐवजी बटण किंवा डायल असलेल्या गाड्यांत ट्रान्सफर केसवर एक छोटी मोटर असते. ती वर्षभर हललीच नाही तर ऐन गरजेला अडकून बसते. जिम्नीत पुढची चाके निर्वात दाबावर चालणाऱ्या हबने जोडली जातात. त्याची रबरी नळी कडक होऊन फुटली तर लिव्हर फोर हायमध्ये असूनही पुढची चाके मोकळीच फिरतात, आणि गाडी चिखलात रुतेपर्यंत ते मालकाच्या लक्षात न येण्याचा धोका असतो. टोयोटाने आपल्या काही फोर बाय फोर गाड्यांच्या पुस्तिकांत महिन्यातून किमान १६ किलोमीटर चार चाकांवर चालवा, असे लिहून ठेवले आहे, ते पुढच्या भागांना वंगण मिळावे म्हणूनच. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत उभ्या राहणाऱ्या गाडीला असा १६ किलोमीटरचा कच्चा रस्ता दर महिन्याला कुठून आणायचा, हा प्रश्न गाडी घेण्याआधीच विचारायला हवा.

पाण्याचे प्रकरण यापेक्षा वेगळे आहे. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली जाते, आणि ती ओढ्यातून गेलीच तर सहसा निभावून नेते. गोम पुढे असते. चालून तापलेले अ‍ॅक्सलचे हौसिंग थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि बाहेरचे ओढून घेते. ब्रीदरची, म्हणजे हौसिंगमध्ये हवा ये-जा करायची, नळी वरपर्यंत नेलेली आणि मोकळी असेल तर हवा आत जाते; ती मातीने बुजलेली असेल तर सीलच्या फटीतून पाणी आत जाते. पाणी मिसळलेले गिअर ऑइल चहासारखे दुधाळ दिसते आणि बेअरिंगांना खात राहते. म्हणून खोल पाण्यातून गाडी नेली की त्याच आठवड्यात ड्रेन-प्लग सैल करून चार थेंब पाहावेत. गिअर ऑइल लिटरला काही शे रुपयांत मिळते, आणि पावसाळ्यात ते एकदा जास्तीचे बदलणे हा या गाडीवरचा सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. समुद्राच्या पाण्याला मात्र उपाय नाही. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी कोकणच्या पुळणीवर गाडी नाचवणाऱ्याने गंजाचे बिल आपले आपणच ओढवून घेतलेले असते.

मग सरळ ऑल-व्हील-ड्राइव्ह घ्यावी, तिथे संगणक सगळे बघतो, असे काही वाचक म्हणतील. सपाट डांबरावर राहणाऱ्यासाठी हा सल्ला वाईट नाही. ग्रँड व्हिटारासारख्या गाडीत पुढचे-मागचे चाक कायम बांधलेले नसते. मधला क्लच लागेल तेवढीच ताकद मागे पाठवतो, त्यामुळे घाटातल्या वळणावर पीळ बसत नाही. चुकीच्या सवयींना ती जास्त माफ करते. पण दुरुस्तीच्या हिशेबात ती स्वस्त आहे असे मला वाटत नाही. तो क्लच सतत घसरण्यासाठी केलेला नसतो. चिखलात चाके गरगर फिरवत राहिले तर तो तापतो आणि गाडी स्वतःला वाचवायला मागची ताकद तोडते. टायरच्या झिजेतला फरक इथेही नडतो, कारण त्या फरकावर क्लच रोज थोडाथोडा घासला जातो. आणि क्लच गेला की बहुधा अख्खा संच बदलावा लागतो. तालुक्याच्या गावातला कसबी मिस्त्री लिव्हरवाल्या गाडीचा क्रॉस बदलेल, हौसिंग खाली उतरवून सील बसवेल. क्लचच्या कंट्रोल युनिटपुढे त्याच्याकडे स्कॅनर नसतो. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गात राहणाऱ्यासाठी हा फरक बिलाच्या आकड्याहून मोठा आहे, कारण गाडी बंद पडून शहरात ओढून नेण्याचे दिवसही खर्चातच धरावे लागतात.

उंची वाढवणारे स्प्रिंग आणि मोठे टायर बसवण्याच्या हौसेवर थोडक्यात. उंची वाढली की शाफ्टचा आणि सीव्ही जॉइंटचा कोन तिरका होतो आणि त्यांवरचे रबरी बूट फाटतात. कंपनीची वॉरंटी अशा वेळी हात वर करते. शिवाय मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर कडक भूमिका घेतली आहे.

राहता राहिला गरजेचा प्रश्न. मराठवाड्या-विदर्भातल्या काळ्या मातीत, पाणंदीतून शेतावर पावसाळाभर जाणाऱ्याला, किंवा जांभ्या दगडाच्या चढावर घर असलेल्याला ही यंत्रणा दर आठवड्याला लागते. अशा माणसाच्या गाडीत ती निरोगी राहते, कारण तिला फिरायला मिळते आणि फिरायला मिळते ते मऊ जमिनीवर. काळ्या मातीत मात्र टायरची नक्षी चिखलाने भरली की चारही चाके एकत्र फिरून उपयोग नसतो, तेव्हा तिथे टायरवरचा खर्च आधी करावा. वर्षातून एकदा मित्रांबरोबर डोंगरावर जाणाऱ्याला उंच तळाची टू-व्हील गाडी आणि चांगले टायर पुरतात. त्याने फोर बाय फोरसाठी मोजलेले पैसे बहुतेक वेळ लोखंड वाहून नेण्यात जातात. ती गाडी आवडते म्हणून घेणे यात गैर काही नाही, फक्त मग महिन्याची ती कच्च्या रस्त्यावरची फेरी हे हप्त्यासारखेच एक देणे समजावे.

जुनी फोर बाय फोर घेताना हे सगळे उलट्या दिशेने वाचता येते. गाडीखाली जाऊन पुढची प्रोपेलर शाफ्ट हाताने डावी-उजवी हलवून पाहा. क्रॉसमध्ये खडखड आली किंवा पिनियनमध्ये मोकळेपणा फार जाणवला तर तिथला खर्च ठरलेला आहे. सीव्ही बूटच्या घड्यांमध्ये बोट फिरवा, फाटलेल्या बूटमधून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेले दिसते. चारही टायरची नक्षी मोजा, आणि दोन नवे दोन जुने असतील तर गाडी तशीच किती दिवस चालली ते विचारा. मग मोकळ्या मातीच्या मैदानावर फोर हाय आणि फोर लो (संथ, जास्त ताकदीचे) दोन्ही टाकून पाहा. दिवा स्थिर लागला पाहिजे, आणि परत टू-व्हीलवर येताना लिव्हर अडता कामा नये. विक्रेता अभिमानाने म्हणाला की साहेब, फोर बाय फोर कधी टाकलीच नाही, अगदी कोरी आहे, तर पुढच्या अ‍ॅक्सलचे सील आणि तेल बदलण्याचा खर्च त्याच्यासमोरच किमतीतून वजा करा.