वनस्पतींच्या पोटातील स्फटिक

पावसाळा आला, की वर्धा जिल्ह्यातील वडनेरसारख्या गावी परसातील अळू तरारून येते. विदर्भात पुष्कळ लोक त्याला धोपा म्हणतात. त्याची भाजी नीट शिजली नाही, तर घसा खवखवू लागतो. 'अळू खाजरे आहे', असे म्हणून आपण गप्प बसतो. पण हा खाजरेपणा येतो कोठून?

अळूच्या देठाचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला, म्हणजे उत्तर सापडते. काही पेशींत अणकुचीदार सुयांच्या जुड्या दिसतात. कॅल्शियम ऑक्झॅलेट या खनिजाचे हे स्फटिक होत. ते घशाच्या नाजूक त्वचेत रुततात, आणि अळूतील दाहक द्रव्ये त्या वाटेने आत शिरतात.

हे खनिज पानात आले कसे? मुळे जमिनीतील पाण्याबरोबर कॅल्शियम शोषून घेतात. गरजेहून अधिक झालेले कॅल्शियम वनस्पती ऑक्झॅलिक आम्लाशी जोडते आणि स्फटिकरूपाने साठवून ठेवते. मात्र स्फटिकांचा आकार माती ठरवीत नाही. अळू आणि कांदा एकाच वाफ्यात लावले, तरी अळूत सुयाच तयार होतात, आणि कांद्याच्या सुक्या सालीत लहान लहान लोलक! निवडुंगात चांदणीसारखे पुंजके आढळतात. ज्वारीच्या पानात वाळूच्या जातीचे, म्हणजे सिलिकाचे, कण असतात. ते दोन्ही टोकांना फुगीर व मध्ये चिंचोळे असतात. वडाच्या पानात तर चुनखडीचा घोस पेशीच्या छताला टांगलेला दिसतो. हे आकार वंशपरंपरेने चालत येतात.

म्हणूनच वनस्पतींची नाती शोधणारे शास्त्रज्ञ स्फटिकांची साक्ष काढतात. मंजिष्ठा, आल आणि कॉफी ही एकाच कुळातील झाडे. त्यांपैकी मंजिष्ठा व आल यांत सुया आहेत, कॉफीत नाहीत. या भेदावरून ब्रेमेकांप या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात त्या कुळाच्या शाखा नव्याने मांडल्या. सुया असलेल्या झाडांची शाखा वेगळी आहे, ही गोष्ट पुढे आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीतही बहुतांशी खरी ठरली.

औषधशाळेत तर या साक्षीचे मोल फार मोठे आहे. बेलाडोना, धोतरा व खुरासानी ओवा ही वांग्याच्या कुळातील विषारी, पण औषधी झाडे. त्यांच्या वाळलेल्या पानांची पूड डोळ्यांना सारखीच दिसते. आणि औषधात चूक झाली, तर रोग्याच्या जिवावर बेतते. अशा वेळी परीक्षक चिमूटभर पूड यंत्राखाली पाहतो. बेलाडोनात बारीक रेतीसारखे स्फटिक, औषधी धोतऱ्यात चांदण्यांचे पुंजके आणि खुरासानी ओव्यात लोलक दिसतात. पानाचा चुरा झाला, तरी त्याची ओळख पुसली जात नाही!

तथापि एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये. सुया अळूत आहेत, तशाच त्या तेरड्यातही आहेत. पण म्हणून ही झाडे जवळची आप्त ठरत नाहीत. फूल, फळ, बी, पान यांचीही साक्ष घ्यावी लागते.

तुमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र असेल, तर कांद्याची सुकी साल त्याखाली अवश्य पाहा. जे आपण केराच्या टोपलीत टाकतो, त्यातही निसर्गाने केवढी कारागिरी साठविली आहे, हे तुम्हांस दिसून येईल.