लाइन आणि दिशा

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न ऐकू येतो, ‘आता कोणती लाइन घेणार?’ डिप्लोमा, नर्सिंग, कॉमर्स, डी.एड. एकदा लाइन ठरली की पोर मार्गाला लागले असे आपण समजतो. मध्येच कोणी लाइन सोडली, तीन-चार वर्षे स्पर्धा परीक्षेत गेली, मग खासगी कंपनीत गेला, मग पुन्हा शिकायला बसला, तर ‘भरकटला’ असा शिक्का बसतो. शिक्का मारणारे बहुधा घरचेच असतात. काही दिवसांनी तो मुलगा किंवा ती मुलगी स्वतःही तोच शिक्का मारून घेते. नुकसान खरे तेव्हा होते.

ज्यांच्या तसबिरीखाली बसून आपण हे बोलतो, त्यांचा बायोडाटा एकदा डोळ्यांखालून घालावा. १९१३ ते १९२८ या पंधरा वर्षांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानचे नोकर होते, न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी होते, नंतर लंडनमध्ये विद्यार्थी, पुन्हा बडोद्यात महाराजांचे लष्करी सचिव, मुंबईत खासगी शिकवण्या घेणारे, गुंतवणुकीविषयी सल्ला देणारे, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, ‘मूकनायक’चे जनक, परत लंडनमध्ये विद्यार्थी, मग बॅरिस्टर, मग बाटलीबॉय संस्थेत अर्धवेळ व्याख्याते, मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य आणि सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक. नाव झाकून हा कागद एखाद्या मुलाखत समितीपुढे ठेवला तर ‘हा माणूस कुठे टिकत नाही’ असा शेरा पडेल.

या वळणांपैकी काही लादलेली होती आणि काही त्यांनी स्वतः घेतलेली होती. हा फरक विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकावा लागला. दहा वर्षे सेवेचा करार होता म्हणून ते बडोद्याला गेले आणि तेथे राहायला खोली मिळेना म्हणून परतले. ती हकिकत सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत सल्ल्याचा व्यवसाय काढला, पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. यात त्यांच्या निवडीचा भाग नव्हता. आपल्या मुलांच्या आयुष्यातील कितीतरी खंड असेच असतात. वडिलांचे आजारपण, फीची अडचण, भरती रद्द होणे. अशा खंडाला मुलाचा दोष समजणे अन्यायाचे आहे.

पण लंडन सोडताना त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. अभ्यास थांबला, पण दार उघडे राहिले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजची प्राध्यापकी मिळाली. त्या काळी ती मानाची जागा होती आणि घरात प्रथमच बऱ्यापैकी पगार येऊ लागला होता. आपल्यापैकी बहुतेकांनी तेथेच निवृत्तीपर्यंत मुक्काम केला असता. बाबासाहेबांनी पगारातून काटकसरीने पैसे बाजूला टाकले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि मुदत संपण्याआधी, १९२० साली, ते पुन्हा लंडनला गेले. तेथून १९२३ साली ते बॅरिस्टर होऊन परतले आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. ही मिळाली. नोकरी सोडण्याचे धाडस सगळे सांगतात. त्या धाडसामागे तीन वर्षांपूर्वी राखून ठेवलेले दार होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

आजच्या विद्यार्थ्याला असे दार राखणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरदारांना आणि गृहिणींना पदवी देत आले आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे पहिले वर्ष पुरे करून थांबले तर प्रमाणपत्र आणि दुसरे पुरे केले तर पदविका मिळण्याची तरतूद आहे. मिळवलेली श्रेयांके श्रेयांक बँकेत सात वर्षांपर्यंत जमा ठेवता येतात. शिक्षण सोडावेच लागले तर रागाने किंवा लाजेने गुपचूप सोडू नये. कॉलेजच्या कार्यालयात जावे, कागदपत्रे घ्यावीत, परत यायची मुदत विचारून घ्यावी. एवढ्या एका खेपेचा आळस पुढे फार महाग पडतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढी वळणे घेऊनही बाबासाहेब भरकटले का नाहीत? याचे उत्तर केवळ ‘समाजाची तळमळ’ असे देऊन आपण मोकळे होतो. ते खरेच आहे. पण विद्यार्थ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. एक धागा उलगडून पाहू. १९१८ साली, म्हणजे पोटापाण्याची ओढाताण चालू होती त्याच वर्षी, त्यांचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंध एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील सांगणे असे की, नुसते तुकडे जोडून शेतीचे दुखणे बरे होणार नाही. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, त्यांना उद्योगधंद्यात काम मिळाले पाहिजे. १९३७ साली हाच माणूस मुंबई विधानसभेत कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडतो. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री होतो तेव्हा त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीजही असते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्यांच्या देखरेखीखाली होते. स्वस्त वीज, तिच्यावर चालणारे कारखाने, त्यात जमिनीवरच्या रिकाम्या हातांना काम. १९१८ चा विद्वान आणि १९४२ चा मंत्री यांच्यामध्ये चोवीस वर्षे आणि निदान सहा नोकऱ्या आहेत. प्रश्न मात्र तोच आहे.

म्हणून ‘कोणती लाइन?’ यापेक्षा ‘तुला कोणता प्रश्न सुटत नाही?’ असे मुलांना विचारावे. एखादीला आपल्या गावच्या दवाखान्यात बाळंतिणीचे हाल का होतात हे सतावते. ती नर्स होईल, आरोग्यसेविका होईल, पुढे कदाचित कायदा शिकेल किंवा ग्रामपंचायतीत जाईल. बाहेरून चार लाइनी दिसतील. आणि प्रत्येक मुक्कामावरून पुढे काय नेले, हे वर्षातून एकदा वहीत लिहून काढावे. काहीच नेले नाही असे दोन-तीन वेळा आढळले तर मात्र घरच्यांची काळजी रास्त समजावी. बाबासाहेबांचे नाव घेऊन चकाट्या पिटणारेही आपण पाहतो.

या हिशेबात आणखी एक नाव येते आणि ते आपण जयंतीपुरते घेतो. साहेब परदेशी असताना परळच्या चाळीत संसार ओढणाऱ्या माता रमाईने या प्रत्येक वळणाची किंमत मोजली. चार अपत्यांचे मृत्यू या दांपत्याने पाहिले. आजही एखाद्या घरात मुलाला चौथ्यांदा परीक्षा देता यावी म्हणून बहीण दुकानात उभी राहून पगार आणते. तिचे शिक्षण कोणत्या साली सुरू होणार, हे त्या घराने बसून ठरवले पाहिजे. वळणे घेण्याची मुभा फक्त मुलग्यांना असेल तर तिला दिशा म्हणता येणार नाही.

धम्माची कसोटीही येथे लागू होते. अष्टांग मार्गात सम्यक आजीव आहे. शस्त्रे, जिवंत प्राणी व माणसे, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार भगवंतांनी उपासकाला निषिद्ध सांगितला. जन्मभर एकाच धंद्याला चिकटून राहा, असे मात्र कोठेही सांगितलेले नाही. स्वतः सिद्धार्थ गौतमाने आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोघा आचार्यांकडून जे मिळाले ते घेतले आणि समाधान झाले नाही तेव्हा त्यांचा आश्रम सोडला. सहा वर्षांची खडतर तपश्चर्याही निरुपयोगी ठरल्यावर सोडून दिली. पाचही सोबत्यांना तेव्हा तो मार्गच्युत वाटला. पुढे सारनाथला पहिले प्रवचन त्याच पाचांनी ऐकले.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले, म्हणजे दिवसा कचेरीत काम करणाऱ्यालाही कामावर जाण्यापूर्वी शिकता यावे. ज्याचे शिक्षण मध्येच तुटले आहे, तो परत येणार, असे धरूनच ते वेळापत्रक आखले होते.