बद्धकोष्ठता : चूर्णाआधी दिनक्रम तपासा

विलेपार्ल्यातील 1929 साली सुरू झालेला बिस्किटांचा कारखाना 2016 मध्ये बंद झाला. चहाबरोबर बिस्किटे घेण्याची सवय मात्र घरोघरी कायम आहे. दात कमजोर झाले, की ज्येष्ठांची न्याहारी बहुधा त्यावरच भागते. मैद्याच्या बिस्किटांत चोथा अत्यल्प. त्यात रात्री उठावे लागू नये म्हणून पाणी कमी आणि गुडघेदुखीमुळे चालणेही कमी. बद्धकोष्ठतेची सुरुवात बहुतेकदा येथेच होते.

रोज शौचास झालेच पाहिजे, असा नियम नाही. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, खडा होणे, कुंथावे लागणे ही खरी लक्षणे.

वेळ पाळा

खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून न्याहारीनंतर दहा मिनिटे शांतपणे शौचास बसावे. कमोडवर पायांखाली लहान पाट घ्यावा. खुब्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. वेग दाबू नये. साचलेल्या मलातील पाणी शोषले जाऊन तो कोरडा होतो. शाळेतील स्वच्छतागृह टाळणाऱ्या मुलांचेही असेच होते. त्यांना रागावू नका. घरी निवांत वेळ द्या.

आहार आणि औषधे

भाकरी, सालीसकट मूग, मऊ शिजवलेली पालेभाजी, पपई, भिजवलेल्या मनुका हळूहळू वाढवाव्यात. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा नसेल, तर दिवसा पुरेसे पाणी प्यावे. इसबगोल पेलाभर पाण्यासहच घ्यावे. गिळताना ठसका लागणाऱ्यांनी टाळावे. लोह, कॅल्शियम आणि काही वेदनाशामक गोळ्यांमुळेही मलावरोध होतो. त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

हे जुलाब नव्हेत!

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला कित्येक दिवस शौचास झाले नाही आणि अचानक पातळ मल झिरपू लागला, तर सावध व्हा. गुदाशयात घट्ट मल अडकला, की त्याच्या कडेने पातळ मल वाहतो. अशा वेळी जुलाब थांबवणारे औषध दिल्यास अडथळा वाढतो. मुलांची चड्डी वारंवार खराब होण्यामागेही हेच कारण असू शकते. अशा वेळी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. शुश्रूषा करणाऱ्यांनी शौचाची तारीख वहीत नोंदवून ठेवावी. निदानास तिची मोठी मदत होते.

मलातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा पन्नाशीनंतर सवय अचानक बदलणे, यांकडे दुर्लक्ष करू नये. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर रेचक न देता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.