हिमनद्यांच्या मुलखात
लेखांक चौथा : किनाऱ्यावर उतरावे की डेकवर थांबावे?

मागील लेखांकाच्या अखेरीस व्हँकूव्हरचे बंदर सोडून आपले जहाज अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या, असंख्य बेटांनी आडोसा दिलेल्या त्या अरुंद जलमार्गात शिरले होते, आणि बंदरोबंदरी जहाज लागल्यावर उतारूने काय पाहावे, कोणत्या सहलीसाठी पैसे मोजावेत नि कोणती निःशंकपणे टाळावी, हा विषय आजच्यासाठी राखून ठेवला होता. तो आता हाती घेतो. परंतु आरंभीच सांगून टाकणे इष्ट की, ज्या एका दिवसासाठी म्हणून ही सारी सफर करावी, त्या दिवशी उतारूस किनाऱ्याला पाय लावण्याची मुळीच मुभा नसते. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मोठे जहाज प्रवाशांना कोठेही उतरवीत नाही. सकाळी बार्टलेट कोव्हच्या समोर उद्यानाचे अंमलदार लहानशा बोटीतून येतात, दोरीच्या शिडीने जहाजावर चढतात, आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून डाव्या-उजव्या बाजूस काय दिसते आहे ते समजावून सांगून सायंकाळी आल्या वाटेने परत जातात. दिवसाला अशी दोनच मोठी जहाजे आत सोडावीत असा सरकारी निर्बंध आहे, आणि माझ्या मते या साऱ्या किनाऱ्यावरचा तो सर्वांत शहाणपणाचा हुकूम आहे.

या खाडीची योग्यता कळण्यास तिचा इतिहास ठाऊक हवा, कारण तो एरवीच्या भूगर्भशास्त्रातल्याप्रमाणे लक्षावधी वर्षांचा नसून पेशवाईच्या उत्तरार्धापासून आजपर्यंतच्या काळात मावणारा आहे. १७९४ साली कॅप्टन व्हँकूव्हरच्या मोहिमेतील जोसेफ व्हिडबी हा अधिकारी जेव्हा होड्या घेऊन येथवर आला, तेव्हा त्याला खाडी अशी दिसलीच नाही. दिसला तो हिमाच्या अखंड भिंतीत पडलेला जेमतेम पाच मैलांचा एक खळगा. त्या भिंतीमागे चार हजार फुटांहून अधिक जाडीचा आणि ठिकठिकाणी वीस मैल रुंदीचा हिमौघ थेट सेंट इलायसच्या पर्वतरांगांपर्यंत पसरला होता. १८७९ साली जॉन म्यूर हा निसर्गशोधक त्लिंगिट वल्हेकऱ्यांच्या नावेतून तेथे पोहोचला, तोवर हिम तीस मैलांहून अधिक मागे हटून तेथे खरोखरीची खाडी निर्माण झाली होती. आणि १९१६ च्या सुमारास मुख्य हिमनदी मुखापासून साठ-पासष्ट मैलांवर, आज ज्याला टार इनलेट म्हणतात त्याच्या अगदी टोकाशी, जाऊन बसली होती. मानवी नोंदींच्या काळात इतक्या त्वरेने आणि इतक्या दूरवर मागे सरलेल्या हिमाचे उदाहरण दुसरीकडे सहसा आढळत नाही.

म्हणूनच जहाज मुखाकडून टोकाकडे जात असता, तासातासाला, उतारू कालप्रवाहाच्या उलट दिशेने प्रवास करीत असतो. मुखाशी स्प्रूस आणि हेमलॉक यांचे निबिड अरण्य दिसते, कारण तेथील भूमी हिमातून मुक्त होऊन दोनशे वर्षे उलटून गेली; पुढे वृक्ष खुजे होत जातात, मग आल्डर आणि विलो यांची झुडपे लागतात, मग खडकाला चिकटून पसरणारी ड्रायस नावाची बुटकी वनस्पती आणि शेवाळ, आणि अखेरीस नुकताच उघडा पडलेला, घासून गुळगुळीत झालेला निव्वळ पाषाण. हिमाखालून निघालेल्या त्या निकृष्ट गाळात नत्राचा लवलेश नसतो. ड्रायस आणि आल्डर यांच्या मुळांशी राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र भूमीत आणून साठवितात, आणि या सिद्धतेवरच पुढे स्प्रूसचे बीज तग धरते. एवढे झाल्यावर तोच स्प्रूस आपल्या सावलीने आल्डरचा नाश करतो. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ साली येथे जमिनीचे लहान लहान चौकोन आखून त्यांतील प्रत्येक रोपाची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला, आणि पुढे हा प्रदेश राखीव व्हावा म्हणून जी खटपट झाली तीत तो अग्रभागी होता. १९२५ साली ती सफल झाली. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मात्र १९८० साली मिळाला. वन्यप्राणी पाहावयास आलेल्या माणसाला झाडाझुडपांचे हे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कोणता प्राणी कोठे शोधावा याचे उत्तर याच क्रमात दडलेले आहे. अस्वल दिसायचे ते ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर धोंडे उलथून त्यांखालचे जीव खाताना, आणि या खाडीत भरती-ओहोटीचे अंतर पंचवीस फुटांपर्यंत जात असल्याने त्याला हे ताट चांगले विस्तीर्ण मिळते. पहाडी शेळ्या दिसायच्या त्या ग्लूमी नॉबसारख्या उघड्या कड्यावर, जेथे लांडग्याचा पाय ठरत नाही. आणि सील दिसायचे ते आणखी पुढे, तरंगत्या हिमखंडांवर.

हिम सरकले ते केवळ मागेच असे नव्हे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते पुढेही आले होते, आणि त्या वेळी या खोऱ्यात हूना त्लिंगिट लोकांची नांदती गावे होती. विजनवासात बसविलेल्या एका मुलीने हिमाला हाक मारली आणि ते धावत्या कुत्र्याच्या वेगाने गावावर चालून आले, अशी त्यांच्या कुळांतील परंपरागत कथा आहे. गावे सोडून निघालेले ते लोक पुढे सामुद्रधुनीपलीकडे हूना येथे स्थायिक झाले. हा प्रदेश राखीव झाल्यावर पूर्वजांच्या त्या भूमीत सीगल पक्ष्यांची अंडी गोळा करण्याचा त्यांचा वहिवाटीचा हक्कही गेला. तो त्यांना तत्त्वतः परत देणारा कायदा व्हायला २०१४ साल उजाडले, आणि २०१६ साली बार्टलेट कोव्ह येथे त्यांचे कुलगृह पुन्हा उभे राहिले. हूना गावाजवळ १९१२ साली उभारलेला सामन मासे डबाबंद करण्याचा जुना कारखाना आज प्रवाशांचा धक्का झाला आहे, आणि त्याची मालकी त्याच लोकांच्या मंडळीकडे आहे. तुमचे जहाज तेथे लागत असेल तर तारेवरून घसरत जाण्याच्या खेळावर पैसे न दवडता एखाद्या स्थानिक माणसाबरोबर गावात फिरून यावे.

खाडीच्या टोकाशी जहाज मार्जरी नावाच्या हिमनदीसमोर तासभर जवळजवळ निश्चल उभे राहते. ही हिमनदी एक मैल रुंद असून पाण्यावर तिची उंची सुमारे अडीचशे फूट आहे. तिचा निळा रंग हा रंगाचा थर नव्हे. दाबाने घट्ट झालेल्या हिमातील हवेचे बुडबुडे नाहीसे होतात, प्रकाश खोलवर शिरतो, त्यातील तांबडा अंश शोषला जातो आणि निळा तेवढा परत येतो. हिमकडा कोसळतानाचे दृश्य टिपण्यासाठी सारे उतारू कॅमेरे सरसावून उभे असतात आणि बहुतेकांचे ते हुकते, कारण ते आवाजाची वाट पाहतात; आवाज पाव मैल अंतर तोडून कानी येईतो एक सेकंदाहून अधिक काळ जातो आणि तोवर कडा पाण्यात निम्मा बुडालेला असतो. भिंतीवरून जेथे लहान लहान खडे वारंवार निखळत आहेत, तेथे दृष्टी खिळवून ठेवावी. पाण्यालगत घिरट्या घालणाऱ्या किटीवेक पक्ष्यांच्या झुंडी एकाएकी उधळल्या तर तिकडेही पाहावे. प्रवासी जहाजांची ही ये-जा आजकालची नव्हे: १८८३ साली कॅप्टन कॅरल याने ‘आयडाहो’ ही आगबोट प्रथम येथे आणली, तीवर एलायझा सिडमोर ही लेखिका होती, आणि पुढे पंधरा-सोळा वर्षे श्रीमंत अमेरिकनांची रीघ लागली; परंतु १८९९ च्या सप्टेंबरात झालेल्या प्रचंड भूकंपाने म्यूर हिमनदी भंगून खाडी हिमखंडांनी अशी तुंबली की आगबोटींना तिच्याजवळ जाणे अशक्य झाले.

शेजारच्या जॉन्स हॉपकिन्स इनलेटमध्ये मात्र मोठ्या जहाजांना मे ते ऑगस्ट प्रवेश बंद असतो. तेथील तरंगत्या हिमखंडांवर सीलच्या माद्या जूनमध्ये वितात. ओर्कांपासून बचाव म्हणून त्यांनी ही जागा निवडलेली असते, आणि जहाज जवळ आल्याने भेदरून पिलू पाण्यात पडले तर थंडीने त्याची शक्ती क्षीण होते. पैसे भरूनही तेथील हिमनदी दाखविली नाही, म्हणून कुरकुरणारे उतारू प्रत्येक जहाजावर असतात.

आता देवमाशांकडे वळू. येथे दिसणारा तो बहुधा हंपबॅक जातीचा, चाळीस-पंचेचाळीस फूट लांबीचा आणि तीस-चाळीस टन वजनाचा. हिवाळ्यात तो हवाईच्या उष्ण समुद्रात असतो, तेथे प्रजनन करतो पण जवळजवळ काही खात नाही. उन्हाळ्यात सुमारे अडीच-तीन हजार मैल पोहून येथे येतो आणि हेरिंगसारखे लहान मासे नि कोळंबीसारखे क्रिल गिळून वर्षभराची बेगमी करतो. कधी कधी आठ-दहा देवमासे एकत्र येऊन, माशांच्या थव्याखालून वर्तुळाकार फिरत बुडबुड्यांचा पडदा उभारतात, आणि आत कोंडलेल्या थव्यातून सारे एकदम तोंडे उघडून वर येतात. ही विद्या सगळ्यांना अवगत नसते, काही जण ती शिकतात आणि तेच सोबती पुढच्या वर्षीही एकत्र दिसतात. हे कळते ते शेपटीच्या खालच्या बाजूवरील काळ्या-पांढऱ्या खुणांवरून, कारण त्या प्रत्येकाच्या निराळ्या असतात. अलास्काच्या पाण्यात हंपबॅकपासून शंभर यार्डांच्या आत जाण्यास कायद्याने मनाई आहे. ग्लेशियर बेच्या हद्दीत हे अंतर पाव सागरी मैल ठेवावे लागते आणि देवमासे जमले असता जहाजाचा वेगही उतरवावा लागतो. हा बंदोबस्त कागदी नव्हे. २००१ साली एका प्रवासी जहाजाच्या धडकेने ‘स्नो’ या नावाने अभ्यासकांना परिचित असलेली गाभण मादी मेली. तिचा संपूर्ण सांगाडा आज बार्टलेट कोव्ह येथे उभा आहे.

समुद्री पाणमांजराची कथा याहून विलक्षण आहे, कारण अलास्काचा राजकीय इतिहासच त्याच्या कातड्यावर लिहिला गेला. चौरस इंचास दहा लाखांपर्यंत केस असलेली ती लोकर चीनच्या बाजारात विकण्यासाठी रशियन व्यापारी या किनाऱ्यावर आले. पाणमांजरे संपत आली तसा या मुलखाचा त्यांना भार वाटू लागला, आणि १८६७ च्या तहनाम्याने तो ७२ लाख डॉलरांस अमेरिकेच्या हवाली झाला. १९११ च्या करारान्वये शिकार बंद झाली तेव्हा आग्नेय अलास्कात एकही पाणमांजर उरले नव्हते. १९६० च्या दशकात दूरच्या बेटांवरून सुमारे चारशे आणून सोडली. आज एकट्या या खाडीत त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. उताणे पडून, छातीवर दगड ठेवून त्यावर शिंपले फोडणारे हे जनावर प्रवाशांचे लाडके, आणि खेकडे पकडणाऱ्या कोळ्यांचे डोकेदुखीचे कारण होऊन बसले आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

बंदरांविषयी मी थोडक्यात आटोपतो. प्रथम एक कायदेशीर बाब: १८८६ च्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशी निशाणाच्या जहाजास अमेरिकेच्या दोन बंदरांदरम्यान उतारू वाहण्यास मज्जाव आहे, म्हणून सिएटलहून निघून तेथेच परतणारी जहाजेही वाटेत कॅनडातील व्हिक्टोरियासारखे बंदर गाठतात, आणि तेही बहुधा रात्रीच्या अवेळी. ही ‘भेट’ पाहून चकित होऊ नये. केचिकनला पाऊस अपार. तेथील कोरीव टोटेम स्तंभ पाहावेत, दुकाने टाळावीत. जूनो ही राज्याची राजधानी असूनही तेथे जाण्यास रस्ता नाही, येणे ते जहाजाने वा विमानाने. तेथे मेंडनहॉल हिमनदीपर्यंत साध्या बसने जाता येते, आणि जुलै-ऑगस्टात जवळच्या ओढ्यात सामन मासे चढू लागले की काळी अस्वले अगदी सुरक्षित अंतरावरून दिसतात. हेलिकॉप्टरने हिमावर उतरण्याची सहल याच्या कित्येक पट महाग आहे, ढग आले की रद्द होते, आणि अर्धा तास पांढऱ्यावर उभे राहून परत यायचे असते. जूनोतच पैसे घालवायचे तर देवमासे दाखविणाऱ्या लहान बोटीवर घालवावेत. स्कॅग्वेची आगगाडी मात्र चुकवू नये: क्लोंडाइकच्या सुवर्णज्वरात १८९८ ते १९०० या काळात बांधलेला हा लोहमार्ग वीस मैलांत सुमारे तीन हजार फूट चढतो, आणि आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीहून त्याचे रूळ केवळ एक फुटाने अधिक रुंद आहेत. वाटेवरील दरीत सोनेशोधकांचे सुमारे तीन हजार घोडे मेले; खिडकीतून ते स्थळ दाखविले जाते.

ज्यांना हे सारे पाहावयाचे आहे त्यांना माझा आग्रहाचा सल्ला असा की, खाडीच्या दिवशी जहाजावरील न्याहारी पहाटेच उरकावी. आतील भोजनगृहांतून गोव्या-कोकणची मंडळी तुम्हांला आनंदाने वाढतील, पण ती दुपारीही तेथेच असतात, सील मात्र नसतात. लोकरीचे कपडे, पावसाळी अंगरखा आणि आठपट वा दहापट शक्तीची दुर्बीण प्रत्येकाची स्वतंत्र हवी. नवराबायकोत एक दुर्बीण हा कलहाचा हमखास मार्ग आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, पैसे भरण्यापूर्वी मार्गपत्रिकेवर ‘ग्लेशियर बे’ हे नाव प्रत्यक्ष छापलेले आहे की नाही ते पडताळून पाहावे. दोनच जहाजांची मर्यादा असल्यामुळे अनेक सफरींना तेथे प्रवेशच मिळत नाही. त्या हबर्ड हिमनदीकडे किंवा एंडिकॉट आर्म या खाडीकडे जातात, आणि जाहिरातीत मात्र नुसते ‘हिमनदीदर्शन’ असे लिहिलेले असते.