रायपूरचं निळं मैदान

सामन्याआधी खेळाडू बाजूला होतात आणि मैदानाच्या कडेने बसवलेले मोठे फवारे सुरू होतात. बघता बघता ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद निळं कृत्रिम टर्फ चिंब होतं. मध्यंतरात पुन्हा तेच. नवख्याला ही उधळपट्टी वाटेल. पण रायपूरच्या सरदार वल्लभभाई पटेल आंतरराष्ट्रीय हॉकी स्टेडियममधला सगळा खेळ या पाण्यावर उभा आहे. टर्फ ओलं असलं की चेंडू उसळत नाही, सरळ घसरत जातो. आडवा पडून चेंडू अडवणाऱ्याचे गुडघे सोलवटत नाहीत. पेनल्टी कॉर्नरला आत मारलेला चेंडू 'डी'च्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर क्षणात पोचतो.

थंड देशांत हॉकीचं एक भावंड आहे, बँडी. तसेच अकरा-अकरा खेळाडू, तशीच वाकडी स्टिक आणि छोटा चेंडू. फक्त पायांत स्केट्स आणि खाली बर्फ. स्वीडनमधल्या सँडविकेनच्या बँडी क्लबला २००९ मध्ये छताखालचं बर्फाचं मैदान मिळालं. तिथे बर्फ राखायचा, इथे रायपूरच्या उन्हात ओल. मैदान सांभाळणाऱ्याला उसंत दोन्हीकडे नाही.

छत्तीसगडची हॉकी या स्टेडियमहून कितीतरी जुनी. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलं की राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, बिलासपूर ही स्टेशनं ओळीने लागतात आणि प्रत्येक गावाचं हॉकीशी काही ना काही नातं निघतं. राजनांदगावला तर हॉकीची नर्सरीच म्हणतात. दुर्गच्या सबा अंजुमने भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं आणि पद्मश्री मिळवली. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी ऑलिंपिकची लागोपाठ तीन सुवर्णं आणि १९६० चं रौप्य जिंकणारे लेस्ली क्लॉडियस जन्मले बिलासपूरला, रेल्वेच्या गावात. त्या पिढीची हॉकी गवतावरची. १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिंपिकला टर्फ आलं, भारत सातवा आला, आणि आपल्याकडे पुरेशी टर्फ व्हायला फार वर्षं गेली.

म्हणूनच डिसेंबर २०१५ मधला रायपूरचा तो सामना मला मोलाचा वाटतो. हॉकी वर्ल्ड लीगच्या अंतिम फेरीसाठी आठ देश इथे उतरले होते. साखळीत भारताला एकही विजय मिळाला नाही. मग उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनला २-१ हरवलं, उपांत्य सामन्यात बेल्जियमकडून एका गोलने हार. कांस्यपदकासाठी समोर नेदरलँड्स, आणि भारताचे प्रशिक्षक रोलंट ओल्टमन्स स्वतः डच. मध्यंतराला ०-२ अशी पिछाडी होती. नंतर भारताने पाच गोल केले, आणि ५-३ असा विजय हाताशी आला असताना डचांनी शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधली. शूटआउटमध्ये गोलरक्षक श्रीजेश उभा राहिला आणि ३-२ ने भारत जिंकला. १९८२ च्या चॅम्पियन्स करंडकानंतर आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या मोठ्या स्पर्धेतलं भारताचं हे पहिलं पदक. स्पर्धा जिंकली ती ऑस्ट्रेलियाने, पण रायपूरकरांच्या लक्षात कांस्यच राहिलं.

अशी संध्याकाळ रोज येत नाही, आणि यायची गरजही नाही. गरज आहे ती टर्फवरच्या रोजच्या सरावाची. मुरमाच्या मैदानावर शिकलेल्या मुलाचा हात उसळत्या चेंडूला सरावलेला असतो. ओल्या टर्फवर त्याला चेंडू थांबवणं नव्याने शिकावं लागतं, आणि ते आठवड्यातून एका तासात जमत नाही. टर्फ झिजतंही, साधारण दहा वर्षांत बदलावं लागतं. स्पर्धेला निधी मिळतो, नव्या टर्फला आणि रोजच्या पाण्याला मिळवताना दमछाक होते. माझ्या मते हिशेब उलटा हवा: आधी राजनांदगाव-दुर्गच्या पोरांसाठी सकाळ-संध्याकाळचे फवारे, मग पाहुण्या संघांसाठी रोषणाई.