चॅटबॉटकडे उत्तर मागू नका, त्याची शिकवणी लावा!

ऑनलाइन कोर्समधला प्रश्न चॅटबॉटमध्ये टाकला की काही सेकंदांत उत्तर मिळतं. असाइनमेंट पूर्ण होते, पण इंटरव्ह्यूला तोच प्रश्न आला की तोंडातून शब्द फुटत नाही! म्हणून आमच्या टीममध्ये नवीन आलेल्यांना मी एकच सांगतो: आधी स्वतः प्रयत्न करा, मग चॅटबॉट उघडा.

खान अकॅडमीने मार्च २०२३ मध्ये आणलेला 'खानमिगो' तयार उत्तर न देता उलट प्रश्न विचारतो. चॅटजीपीटीमध्येही जुलै २०२५ पासून असाच 'स्टडी मोड' आहे. दुसरा कुठलाही चॅटबॉट वापरत असाल तर असं लिहा: "मी एसक्यूएलमधलं जॉइन शिकतोय. उत्तर सांगू नकोस. एका वेळी एकच हिंट दे आणि शेवटी माझी परीक्षा घे."

दोन गोष्टी मात्र सांभाळा. चॅटबॉट पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत लिहितो, त्यामुळे चुकीचं उत्तरही ठामपणे देतो. कोड स्वतः रन करून बघा. आणि ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये कंपनीचा कोड किंवा ग्राहकांचा डेटा त्यात पेस्ट करू नका.

शेवटी चॅट बंद करा आणि तीच क्वेरी न बघता लिहा. जमली, तर तुम्ही खरंच शिकलात!